अभिजात मोटारींची ओळख आणि नंबर प्लेटचे वाचन

अभिजात मोटारींची ओळख : रस्त्यात, गोदामात किंवा जुन्या छायाचित्रात दिसलेल्या मोटारीची कंपनी, मॉडेल आणि घडणीचे साल तिच्या बाह्य खुणांवरून, सुट्या भागांवरून व नोंदणी क्रमांकावरून ठरवण्याचा छंद आणि अभ्यास. मुळात हा हौशी लोकांचा प्रांत. पण लिलाव, विमा, मालकीचे वाद आणि जुन्या छायाचित्रांचा कालनिर्णय यांतही त्याचा उपयोग होतो.

‘अभिजात’ या शब्दाची व्याप्ती सर्वमान्य नाही. ब्रिटिश परंपरेत १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० मधल्या ‘व्हिंटेज’ आणि या दोहोंच्या मधल्या ‘एडवर्डियन’ ठरतात. क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था मात्र १९१५–४८ या काळातील निवडक उंची गाड्यांनाच ‘फुल क्लासिक’ म्हणते. १९६६ मध्ये स्थापन झालेला ‘फिवा’ हा जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ३० वर्षांची अट घालतो. प्रस्तुत नोंदीपुरती ही शेवटची मर्यादा सोयीची आहे.

नंबर प्लेटचा उगम. पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने १४ ऑगस्ट १८९३ रोजी काढलेल्या हुकमाकडे बहुतेक संदर्भग्रंथ पहिली नंबर प्लेट म्हणून बोट दाखवतात. गाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेली धातूची पाटी असावी, असे त्यात म्हटले होते. परंतु घोडागाडीवर मालकाचे नाव लिहिण्याची रीत त्याआधीची आहे, आणि पॅरिसची पाटी याच रीतीचा विस्तार दिसते. केवळ क्रमांक वाचून सरकारी वहीतून मालक शोधायचा, हा आजच्या नंबर प्लेटचा गाभा. तो निकष लावला, तर १८९८ मध्ये देशव्यापी क्रमांक देऊ लागलेल्या नेदरलँड्सला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये पाटी सक्तीची केली खरी, पण तिच्यावर मालकाची आद्याक्षरे असत आणि ती मालकानेच करून घ्यायची होती. राज्याने स्वतः घडवून दिलेली पाटी अमेरिकेत १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आणली. ती लोखंडी पत्र्यावर मिनाकाम केलेली होती.

ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटार कार कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला. ‘ए १’ हा क्रमांक मिळवण्यासाठी अर्ल रसेल रात्रभर रांगेत उभे राहिले, अशी कथा वारंवार सांगितली जाते आणि त्यावरून तीच देशातील पहिली पाटी असे मानले जाते. हेस्टिंग्ज येथे ‘डीवाय १’ हा क्रमांक मात्र २३ नोव्हेंबर १९०३ लाच दिला गेल्याचे मानतात. क्रमांक वाटणारी कार्यालये वेगवेगळी असल्याने ‘ए’ हे अक्षर लंडनचे होते, एवढाच त्याचा अर्थ. मान ‘ए १’ चा, पण अग्रक्रम बहुधा ‘डीवाय १’ चा.

क्रमांकावरून साल. पाटी गाडीला बांधलेली आहे की मालकाला, हे आधी पाहावे लागते. नेदरलँड्समध्ये १९५१ पासून क्रमांक गाडीबरोबर जन्मभर राहतो. नंतर आयात झालेल्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी अक्षरे राखून ठेवलेली आहेत. जर्मनीत क्रमांक जिल्ह्याशी जोडलेला असल्याने गाडीचे वय त्यातून कळत नाही. १९९७ पासून शेवटी येऊ लागलेले ‘एच’ हे अक्षर तेवढे गाडी ऐतिहासिक वर्गातली असल्याचे सांगते. कॅलिफोर्नियात १९६३ पासूनच्या काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे म्हणजे गाडी साठच्या दशकापासून तिथेच नोंदलेली असल्याची भरवशाची खूण होती. २०१५ पासून तशाच दिसणाऱ्या पाट्या पुन्हा मिळू लागल्यामुळे आता नुसता रंग पुरत नाही.

सर्वांत बोलकी पद्धत ब्रिटनची, आणि सर्वांत फसवीही तीच. १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षाचे अक्षर आले (सर्व कार्यालयांत १९६५ पासून), १९८३ मध्ये ते पुढे गेले आणि २००१ मध्ये त्याची जागा आकड्यांनी घेतली. १९६७ साली वर्षबदल जानेवारीऐवजी ऑगस्टमध्ये सरकल्याने ‘ई’ हे अक्षर जेमतेम सात महिने चालले. मात्र क्रमांक एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो. अट एकच : पाटीमुळे गाडी आहे त्याहून नवी दिसता कामा नये. म्हणून ‘एफ’ अक्षराची पाटी पाहिली की ‘गाडी १९६७-६८ ची किंवा त्यानंतरची’ एवढेच म्हणता येते, तिथलेच साल धरता येत नाही. याला एक अपवाद आहे. लष्करातून निघालेल्या किंवा परदेशातून आणलेल्या गाड्यांना पूर्वी नोंदणीच्या वर्षाचे अक्षर मिळत असे. अशी गाडी अक्षरापेक्षा बरीच जुनी असू शकते. वय किंवा मूळ ओळखच सिद्ध होत नसेल, तर ‘क्यू’ ने सुरू होणारा क्रमांक देतात.

भागांची साक्ष. फोक्सवॅगन बीटलची मागची काच मार्च १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची होती, मग १९५७ पर्यंत लंबगोल आणि पुढे मोठी चौकोनी. एवढ्यावरून साल ठरवण्याचा मोह होतो. पण गाडी नवी दिसावी म्हणून मधली पट्टी कापून टाकल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे काचेच्या कडेचा पत्रा हाताने चाचपून पाहावा. बीटलचे दिशादर्शकही पाहावेत : अमेरिकेसाठीच्या गाड्यांना १९५५ पासून लुकलुकणारे दिवे आले, युरोपात दाराशेजारच्या खांबातून बाहेर येऊन वळण दाखवणारे हात १९६० पर्यंत टिकले. एकाच वर्षाची एकच गाडी दोन देशांत वेगळी दिसते, ती अशी. ऑस्ट्रेलियात बनलेल्या मिनीला १९६५ पासून हँडलने खालीवर होणाऱ्या काचा होत्या, ब्रिटिश मिनीला त्या १९६९ मध्ये आल्या. युरोपीय गाडीच्या पुढच्या-मागच्या मडगार्डांवर बाजूचे छोटे दिवे दिसले, तर ती १९६८ नंतर अमेरिकेसाठी बनली असण्याचा संभव मोठा. पिवळा हेडलाइट फ्रान्सकडे निर्देश करतो. तिथे ती सक्ती १९९३ पर्यंत होती.

लहान कारखाने दिवे आणि मुठी मोठ्यांकडून घेत. मॉरिस मरीनाच्या दाराच्या मुठी ऑस्टिन अलेग्रो, ट्रायम्फ टीआर-७, रेंज रोव्हर आणि लोटस एस्प्रिटवरही आढळतात. पहिल्या एस्प्रिटचे मागचे दिवे फियाट एक्स १/९ चे. त्यामुळे एका सुट्या दिव्यावरून गाडी सांगणे धोक्याचे असते.

इंजिनाची तपासणी अधिक काटेकोर असते. शेवरलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाच्या मागच्या कडेवर, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो तिथे, ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत असते. ‘सी १४ ५’ म्हणजे तिसऱ्या महिन्याची १४ तारीख आणि पाचाने संपणारे साल : १९५५ किंवा १९६५, हे ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, क्रमांकावरून ठरवावे लागते. पुढच्या बाजूला, सिलिंडर हेडला लागून, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर ‘एफ ०३२२’ असे ठोकलेले असेल, तर इंजिन फ्लिंट येथील कारखान्यात २२ मार्चला जुळवले गेले. क्रम असा जमला पाहिजे : आधी ओतकाम, मग जुळवणी, मग गाडी. ओतकामाची तारीख गाडीच्या जन्मानंतरची निघाली, तर इंजिन बदललेले आहे. खोटे आकडे ठोकणाऱ्याला आधी जुने घासून काढावे लागतात आणि त्या घासण्यात कारखान्याच्या यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेघा नाहीशा होतात. जाणकार भिंग लावून आकड्यांच्या आधी या रेघा शोधतात, ते योग्यच.

अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून १७ खुणांचा एकसारखा ओळख क्रमांक आला; त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात आणि दहावी खूण मॉडेलचे वर्ष सांगते. त्याआधी प्रत्येक कारखान्याची चासी क्रमांकांची पद्धत निराळी होती.

मूळ गाडी कोणती? १९२९ आणि १९३० ची ल मान (फ्रान्स) येथील २४ तासांची शर्यत जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’, पुढे इतकी बदलली गेली की १९२९ चे फारच थोडे भाग तिच्यात उरले. विक्रीच्या वादात १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ती त्या नावाला पात्र ठरवली : बदल टप्प्याटप्प्याने झाले, गाडीचे अस्तित्व मध्येच कुठे तुटले नाही, हे त्यामागचे सूत्र होते. भागांच्या टक्केवारीवर भर देणाऱ्यांना हा निकाल पटत नाही. तथापि शर्यतीच्या गाड्या झिजायच्या आणि बदलायच्याच, हे ध्यानात घेता अखंड इतिहासाचा निकष अधिक न्याय्य वाटतो.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांसाठी १९३० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या व्हेटरन कार क्लबची कालनिर्णय समिती दाखले देते. दुरुस्तीला हात घालण्याआधी ठोकलेल्या आकड्यांवर वाळूचा मारा करू नये, जुन्या रंगाचा थर कुठेतरी राखावा आणि सुटा केलेला प्रत्येक भाग क्रमांक दिसेल असा जवळून टिपून ठेवावा.