अंगावर पिणारे बाळ दूध का टाकते?

सातारा-सांगलीकडे बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीच्या बाळाने पाजल्यावर दोन-चार वेळा दूध टाकले, की घरात निदानांची रांग लागते: दूध बाधले, आईने वातूळ खाल्ले, दृष्ट लागली. बहुतेक वेळा यांतले काहीच खरे नसते. पहिल्या तीन महिन्यांत निदान निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध बाहेर टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वाधिक दिसते आणि वर्षाच्या आतबाहेर बहुतेकांचे आपोआप थांबते.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. गिळताना ते उघडते आणि मिटते, पण तान्ह्या बाळात ते गिळण्याशी संबंध नसतानाही मधूनमधून सैल पडते. त्यात अन्ननलिका आखूड, आहार निव्वळ पातळ आणि सारा दिवस आडवे पडून जाणारा, म्हणून ढेकरेबरोबर दूधही वर येते. ते फुटलेले दिसले तरी अपचन झाले असे नव्हे, कारण जठरात दूध फुटणे ही पचनाचीच सुरुवात आहे. दुपट्यावरचा डाग मात्र हमखास फसवतो. चहाचे दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर पाणी कोरड्या दुपट्यावर ओतून पाहावे. ‘प्यायलेले सगळेच काढले’ असे वाटायला लावणारा डाग पुष्कळदा तेवढ्याच दुधाचा असतो.

पान्हा जोरात येत असेल, तर बाळ ठसकते आणि दुधाबरोबर हवाही गिळते. अशा वेळी आईने मागे रेलून, बाळाला छातीवर घेऊन पाजावे, एका बाजूचे पुरते पिऊन झाल्याशिवाय दुसरीकडे घेऊ नये, आणि पाजून झाल्यावर 20 ते 30 मिनिटे खांद्याशी उभे धरावे. आपल्याकडच्या दोन सवयींची वेळ बदलली तरी पुष्कळ फरक पडतो. पायांवर पालथे घालून तेल चोळणे आणि अंघोळ हे पाजण्याआधी उरकावे. आणि पाजल्याबरोबर साडीच्या झोळीत घालू नये, कारण झोळीत बाळाची कंबर दुमडून भरलेल्या पोटावर दाब येतो. घट्ट लंगोटाचेही तेच.

दूध श्वासनलिकेत जाईल या भीतीने बाळाला पालथे झोपवणे मात्र धोक्याचे आहे. उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध तिच्यात सहजी शिरत नाही. अमेरिकेत 1994 पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम चालली आणि पुढच्या काळात झोपेतले आकस्मिक बालमृत्यू निम्म्याहून खाली आले.

अंगावरचे तोडून डब्याच्या दुधावर नेण्यातही फायदा नाही, कारण आईचे दूध जठरातून अधिक लवकर पुढे सरकते. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीतून जंतू पोटात जाऊ शकतात, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये.

खरी कसोटी वजनाची आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढत असेल आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, तर डाग कितीही पडोत, काळजी कपडे धुणाऱ्याने करावी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाच्या वेळी वजन करून आशाताईंकडून कार्डावर लिहून घेतले, तर हे घरबसल्या कळते.

वजन अडले, शौचात रक्त दिसले किंवा सहा महिन्यांनंतर हा त्रास नव्यानेच सुरू झाला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे; क्वचित गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी निघते, तेव्हा डॉक्टर आईलाच काही आठवडे दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात. दोन ते आठ आठवड्यांचे बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी उलटी करून लगेच पुन्हा भुकेले होत असेल, तर जठराचे खालचे तोंड जाड होऊन अडल्याची शक्यता असते आणि ते छोट्या शस्त्रक्रियेने मोकळे होते. हिरवी उलटी झाली, तर मात्र आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, रात्रीच गाडी करून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचावे.