घर पाडण्याची नोटीस आली? गोव्यात मोफत वकिलासाठी असा करा अर्ज

दारावर चिकटवलेली नोटीस दिसली की हात आधी ती ओढून काढायला जातो. काढू नका. दारासकट फोटो घ्या, तारीख वहीत टिपून ठेवा. टपालाने आली असेल तर पाकीटही जपा, त्यावरचा शिक्का पुढे कामाला येतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले आहे की, उत्तराला किमान १५ दिवस द्यायचे, म्हणणे ऐकून घ्यायचे आणि पाडण्याचा आदेश निघाल्यावरही १५ दिवस थांबायचे. रस्त्यावरची वा फुटपाथवरची, रेल्वेमार्गालगतची वा नदीलगतची अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेली घरे यांना मात्र हे संरक्षण नाही. त्या घरांनी तर त्याच दिवशी वकील गाठावा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सगळे पात्र आहेत. बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही, आणि नेमके हेच वस्तीत कित्येकांना ठाऊक नसते. नोटीस नवऱ्याच्या नावाने असली तरी छप्पर बायकोचेही जाणार असते. तिच्या नावाने अर्ज चालेल का, हे आवर्जून विचारा.

अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक लिहून घेतात. फोनवर विचारायचे तर १५१०० लावा.

सोबत नोटीस, आधार, रेशनकार्ड, लागू असेल तर जातीचा दाखला. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्रही ग्राह्य धरता येते. वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या जुन्यात जुन्या शोधा. घरपट्टीने जागा तुमची होत नाही, पण तुम्ही कधीपासून राहता ते दिसते. बांधकामे नियमित करण्याच्या २०१६ च्या कायद्यात २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीचे बांधकाम लागते, म्हणून त्याआधीचे एखादे बिल हाती असलेले बरे.

घर भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत, त्याच्या संमतीने बांधलेले असेल तर वकिलाला ते आधी सांगा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकार मुंडकाराला, म्हणजे त्याच्या जमिनीत संमतीने राहणाऱ्याला, परस्पर बाहेर काढू शकत नाही. मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंद झालेली नसेल तर तो अर्जही याच वकिलाकडून करून घ्या.

नोटिशीचे उत्तर मुदतीतच द्या आणि आपल्या प्रतीवर कचेरीचा पोचशिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.