अपार्टमेंट की सोसायटी? फ्लॅटचा इसार देण्याआधी

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही जा. इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेलं असतं आणि आत राहणारे ‘आमची सोसायटी’ म्हणतात. पाटीवरून काहीच कळत नाही. कायद्याने हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्याकडे बहुतेक जण स्वतःच्या जागेवरच्या घरातून फ्लॅटमध्ये येतात. खोल्या बघतात, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते विचारतात, वरच्या मजल्यावर मे महिन्यात काय हाल होतील याचाही अंदाज घेतात. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर, हे मात्र विचारायचं राहून जातं.

सोसायटी म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी संस्थेला देणारा दस्त, करून दिलं की जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. तुम्ही तिचे सभासद. हाती नोंदणीकृत करार आणि शेअर सर्टिफिकेट. अपार्टमेंट १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतं. तिथे आधी दुय्यम निबंधकाकडे इमारतीचं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, नोंदवतात आणि मग प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून देतात. फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, शिवाय जमीन, जिना, लिफ्ट यांत तुमचा अविभक्त, म्हणजे वेगळा तोडून न देता येणारा, हिस्सा.

हा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, आणि खरी गोम तिथेच आहे. घोषणापत्र मागून घ्या आणि त्यातला तक्ता उघडा: फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, टक्केवारी. टक्केवारी ठरते एकूण किमतीतल्या त्या त्या गाळ्याच्या वाट्यावरून. आपल्याकडे तळमजल्यावर दुकानं आणि वर फ्लॅट अशा इमारती भरपूर. रस्त्याकडच्या दुकानाची किंमत जास्त, म्हणून त्याचा टक्काही जास्त. अपार्टमेंटमध्ये मतं याच टक्क्यांनी मोजली जातात. दुकानं बिल्डरने स्वतःकडेच ठेवली असतील, तर सभेत वरच्या मजल्यांवरचे सगळे एकीकडे बसले तरी त्याचं पारडं जड राहू शकतं. सोसायटीत तसं नाही, एका सभासदाला एकच मत.

खर्चाचं गणितही याच टक्क्यावर चालतं. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिस्स्याप्रमाणे वाटला जातो. थ्री बीएचकेवाला वन बीएचकेवाल्यापेक्षा जास्त भरतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, मात्र वॉचमन, झाडलोट यांसारखे सेवाखर्च सगळ्यांना सारखे. लहान फ्लॅट घेणाऱ्याने ही बाब हिशेबात धरावी.

विकताना सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करण्याची रक्कम, घेऊ शकते. जळगाव-धुळ्यासारख्या महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये. त्यापेक्षा जास्त ‘देणगी’ कोणी मागितली तर देऊ नका. सोसायटीवर सहकार खात्याच्या निबंधकाची देखरेख असते, लेखापरीक्षण होतं, निवडणूक होते. काहींना हे कटकटीचं वाटतं. मला तोच आधार वाटतो, विशेषतः फ्लॅट जास्त असतील आणि खाली दुकानं असतील तेव्हा. सगळे फ्लॅट साधारण सारखे, खाली दुकानं नाहीत, इमारत लहान; अशा ठिकाणी घोषणापत्र नीट असेल तर अपार्टमेंट घ्यायला माझी हरकत नाही.

गच्चीकडे दोन्ही प्रकारांत लक्ष द्या. चैत्र-वैशाखात बिबडे, कुरडया घालायला गच्ची लागतेच. ‘टॉप फ्लोअर, सोबत गच्ची’ अशी जाहिरात दिसली तर ती गच्ची मंजूर नकाशात आणि कागदोपत्री कोणाची आहे ते बघा. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्रात ती सर्वांसाठी सामाईक आहे की ठराविक फ्लॅटपुरती राखीव, हे लिहिलेलं असतं. ज्यांना ते माहीत नसतं, त्यांना एखाद्या उन्हाळ्यात गच्चीच्या दाराला कुलूप दिसतं. पार्किंगचंही तसंच. इमारतीखालची स्टिल्टची, म्हणजे खांबांमधली मोकळी, जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे तिसरी अवस्था: घोषणापत्र नाही, संस्था नोंदलेली नाही आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकच. जुना फ्लॅट घेताना हे हमखास तपासा. संस्था नोंदलेली आहे पण कन्व्हेयन्स रखडलंय, असं असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज करता येतो. तो केलाय का, हे फ्लॅट विकणाऱ्याला नव्हे, संस्थेच्या सेक्रेटरीला विचारा आणि अर्जाची पोच बघायला मागा.