मुंबईहून गेलेला निबंध

शोधनिबंध जर्नलकडे पोचला की आधी संपादक तो चाळतो, मग त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. त्यांची नावे लेखकाला बहुधा कळत नाहीत. स्वीकारा, दुरुस्त करून घ्या किंवा नाकारा, असा शेरा कारणांसह येतो, निर्णय संपादकाचा. हा पीअर रिव्ह्यू आता इतका अंगवळणी पडलाय की विज्ञानाइतकाच जुना वाटतो. पण वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा निबंध १९५३ साली ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांना न दाखवताच छापला होता. तिथे हे परीक्षण सक्तीचे झाले १९७३ साली.

सुरुवात लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत झाली. तिचे जर्नल ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ साली निघाले तेव्हा काय छापायचे हे मुख्यतः सचिव हेन्री ओल्डेनबर्ग ठरवत. १७५२ पासून समिती मतदान करू लागली. परीक्षकांच्या लेखी अहवालाची सूचना केंब्रिजच्या विल्यम व्हेवेल यांची, १८३१ मधली. पहिला निबंध आला जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी आणि शुक्राच्या गतीवरचा. परीक्षक होते स्वतः व्हेवेल आणि जॉन लबक. दोघांचे पटेना! व्हेवेलना निबंधाचे मोल सांगायचे होते, तर लबक आकडेमोडीतल्या उणिवा काढत बसले.

याच लबक यांच्यापुढे पुढे मुंबईहून एक निबंध आला. जॉन जेम्स वॉटर्स्टन हे स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना मुंबईत शिकवत. वायूचे रेणू अखंड धावत असतात, भांड्याच्या भिंतींवर आदळतात आणि तोच वायूचा दाब, अशी मांडणी त्यांनी गणिताने केली आणि १८४५ साली सोसायटीकडे पाठवली. लबक यांनी शेरा मारला: हा निबंध निव्वळ निरर्थक, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही.

छापला गेला तो फक्त गोषवारा. रिवाजाप्रमाणे हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात गेले आणि वॉटर्स्टन यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. मला शेऱ्यापेक्षा हेच जास्त खुपते. परीक्षक माणूसच, तो चुकणार. आज एका जर्नलने नाकारलेला निबंध लेखक दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पाठवतो. वॉटर्स्टन यांना ती वाटच उरली नाही. १८६० साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांचा याच विषयावरचा निबंध आला आणि श्रेय त्यांच्याकडे गेले.

१८९१ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना ते हस्तलिखित दप्तरात सापडले. पुढच्या वर्षी, स्वतःची प्रस्तावना जोडून, त्यांनी ते ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्येच छापून आणले. वॉटर्स्टन मात्र १८८३ च्या जूनमध्ये एडिनबरातल्या घरून बाहेर पडले होते, ते परत आलेच नाहीत.