एक रेघ कमी: लघवीतल्या अफूच्या झटपट चाचणीची पार्श्वभूमी

गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेला माणूस अफूजन्य पदार्थांची पट्टी पहिल्यांदा वाचताना हमखास चुकतो. तिथे दोन रेघा म्हणजे ‘आहे’. इथे दोन रेघा म्हणजे ‘नाही’, आणि ‘टी’ची, म्हणजे टेस्टची, रेघ उमटलीच नाही तर ‘आहे’. हा उलटा हिशेब, पाकिटावरचा 300 किंवा 2000 हा आकडा आणि खसखशीमुळे होणारा घोटाळा समजून घ्यायचा तर अर्धं शतक मागे जावं लागतं.

त्याआधी मुख्यतः दोन मार्ग होते. कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकात पॅरोलवरच्या माणसाला नॅलॉर्फिनचं, म्हणजे अफूचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊन डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात का, हे पाहत. दुसरा मार्ग थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याचा. लघवी आम्लात उकळायची, कारण मॉर्फिनचा (हे अफूतलं मुख्य द्रव्य, हेरॉइनचंही शरीरात शेवटी तेच होतं) बराचसा भाग ग्लुक्युरोनाइड या शरीराने जोडलेल्या गटाला बांधलेला असतो आणि तो सुटा करावा लागतो. मग पीएच 8.5 ते 9 वर आणायचा, सेंद्रिय द्रावकात अर्क काढायचा, सिलिकाच्या काचेवर ठिपका द्यायचा आणि शेवटी ठिपक्याला रंग आणणारं आयोडोप्लॅटिनेट फवारायचं. काम तासन्‌तासांचं आणि डोळा मुरलेला हवा. अमेरिकी डॉक्टर व्हिन्सेंट डोल यांच्या गटाने 1966 मध्ये लघवी आयन-एक्स्चेंज कागदावर शोषून घ्यायची युक्ती काढली. तिने नमुने हाताळणं सोपं झालं, पण पुढची प्लेट चुकली नाही.

खरं वळण 1970 मध्ये आलं. सिडनी स्पेक्टर आणि चार्ल्स पार्कर या शास्त्रज्ञांनी मॉर्फिनविरुद्ध सशांमध्ये अँटीबॉडी तयार केली. मॉर्फिनचा रेणू इतका लहान, की नुसता टोचला तर शरीर त्याची दखल घेत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला जोडावा लागतो. त्यांनी जोड दिला तो रेणूच्या तिसऱ्या स्थानावर. जोडाची बाजू प्रथिनाआड झाकली जाते, त्यामुळे अँटीबॉडी उरलेला चेहरा ओळखायला शिकते, ती बाजू नाही. आणि कोडीन म्हणजे त्याच तिसऱ्या स्थानावर मेथिल गट बसलेलं मॉर्फिन! मॉर्फिनचा लघवीतला मुख्य अवशेषही तिथेच ग्लुक्युरोनाइड घेऊन येतो. अशा अँटीबॉडीला हे सगळे सारखेच दिसतात. त्याचा फायदा असा, की लघवी आम्लात उकळायची गरज संपली. तोटा असा, की खोकल्याचं कोडीनयुक्त औषध आणि गर्द (भेसळीचं हेरॉइन) यांतला फरक ही चाचणी सांगू शकत नाही.

पुढच्याच वर्षी व्हिएतनाम आलं. अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचं प्रमाण वाढल्यावर जून 1971 मध्ये निक्सन सरकारने घरी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायला सुरुवात केली. सैनिकांनी मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’. नमुना पॉझिटिव्ह आला की विमान चुकायचं आणि आधी व्यसनमुक्तीसाठी थांबावं लागायचं. हजारो नमुन्यांना क्रोमॅटोग्राफी पुरी पडणं शक्यच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सायवा कंपनीने ‘फ्रॅट’ ही पद्धत दिली: मॉर्फिनला फ्री रॅडिकलची खूण लावायची, ते अँटीबॉडीत मिसळायचं आणि लघवीतल्या मॉर्फिनने त्याला किती हुसकावलं हे स्पिन रेझोनन्स यंत्रावर मोजायचं. एका नमुन्याला मिनिटभर पुरे. यंत्र मात्र अवजड आणि महाग.

म्हणून 1972 मध्ये त्याच कंपनीने ‘एमिट’ काढली. खुणेच्या जागी आलं लायसोझाइम, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं एन्झाइम. लघवीत मॉर्फिन असेल तर अँटीबॉडी त्यात गुंतते, एन्झाइम मोकळं राहतं आणि जिवाणूंचं गढूळ द्रावण निवळत जातं. पण मूत्रपिंडाच्या काही आजारांत लघवीत मुळातच लायसोझाइम असतं. पुढे त्या जागी जिवाणूंपासून मिळवलेलं ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज आलं. ते एनएडी या सहायक रेणूवर चालतं, माणसातलं एनएडीपी या वेगळ्या रेणूवर, म्हणून गोंधळ टळतो.

1988 मध्ये एका टप्प्यात वाचता येणारी गरोदरपणाची पट्टी बाजारात आली. तिचंच तंत्र 1990 च्या दशकात अमली पदार्थांकडे वळलं. पट्टीच्या तळाशी सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेली अँटीबॉडी असते, ‘टी’ रेघेवर प्रथिनाला जोडलेलं मॉर्फिन. लघवीत मॉर्फिन पुरेसं असेल तर अँटीबॉडी वाटेतच भरून जाते आणि रेघेवर थांबत नाही. म्हणून रेघ नाही, म्हणजे पॉझिटिव्ह. अंधूक रेघही रेघच, ती निगेटिव्ह धरायची. ‘फिकट आहे, म्हणजे थोडं घेतलं असेल’ हा अर्थ पूर्ण चुकीचा आहे आणि त्यातून माणसांवर अन्याय होतो. ‘सी’ची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी, रेघ नसेल तर पट्टीच बाद.

पट्टी 10 ते 15 सेकंद बुडवायची, खुणेच्या वर नाही. निकाल साधारण 5 मिनिटांनी वाचायचा. उशिरा, वाळलेल्या पट्टीवर दिसलेलं काहीही धरायचं नाही. फ्रिजमधला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. पाऊसकाळात पाकीट आधीच फोडून ठेवलं तर पट्टी दमट होते आणि द्रव सरळ चढत नाही. नमुना दिल्यापासून 4 मिनिटांच्या आत त्याचं तापमान 32 ते 38 अंश सेल्सियस भरलं पाहिजे. क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारं टाकाऊ द्रव्य) डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमहून कमी असेल तर पाणी मिसळल्याची किंवा भरमसाट प्यायल्याची शंका घ्यावी.

आता आकडे. अमेरिकेत 1986 च्या अध्यक्षीय आदेशानंतर 1988 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीचे नियम आले. अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती आणि पॉझिटिव्ह नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वजनावरून नेमका ओळखणाऱ्या तपासणीने, खातरजमा सक्तीची. पण खसखस आणि कोडीनची औषधं यांमुळेच ढीगभर नमुने अडकू लागले. 1998 च्या अखेरीस मर्यादा 2000 केली गेली आणि 6-असिटिलमॉर्फिनची तपासणी जोडली गेली. हा अवशेष हेरॉइनचाच, खसखशीतून येत नाही. मात्र तो लघवीत साधारण दिवसभरच टिकतो. मॉर्फिन दोन-तीन दिवस सापडतं.

अनारशावर थापतो तीच ही खसखस. मॉर्फिन दाण्यात जवळपास नसतं. बोंडाचा चीक दाण्याच्या पृष्ठभागाला लागतो, त्याचं ते असतं. म्हणून प्रत्येक खेपेत प्रमाण वेगळं आणि दाणे धुतले की कमी. 300 ची पट्टी खसखशीने सहज फसते, 2000 ची क्वचित. आपल्याकडे दोन्ही मिळतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा अहवालात लिहिलाच पाहिजे. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्सही काही प्रयोगशाळा-चाचण्यांना चकवतात. औषधांची यादी नमुना घेण्याआधी विचारावी.

1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरलं, 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्या काळाच्या प्रश्नाला ही पट्टी चपखल होती, कारण गर्दचं शेवटी मॉर्फिनच होतं. आता भारतात ट्रामाडॉल हे वेदनाशामकही आहे, 2018 पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली. ते, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन आणि फेंटानिल यांचा रेणू इतका वेगळा, की मॉर्फिनची अँटीबॉडी त्यांना ओळखत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या पट्ट्या घ्याव्या लागतात. ट्रामाडॉलच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या लघवीत अफूची पट्टी बुडवली, तर दोन्ही रेघा ठळक उमटतील.