कुत्र्याच्या पिल्लाची रात्रीची झोप

नवीन आणलेलं कुत्र्याचं पिल्लू सुरुवातीचे दिवस रात्री रडतं, दर दोन-तीन तासांनी उठतं, जागा दिसेल तिथे शू करतं आणि घरातल्या सगळ्यांच्या झोपेचं खोबरं करतं. त्याला रात्रभर झोपायची सवय लावायची म्हणजे झोपायची जागा, जेवणाच्या वेळा, शी-शूचं टायमिंग आणि माणसाची सोबत या सगळ्याची घडी बसवायची. बहुतेक पिल्लं 8-10 आठवड्यांची असताना घरी येतात आणि साधारण 4 महिन्यांची होईपर्यंत सहा-सात तास कुणाला न उठवता काढायला लागतात, काही आधी, काही उशिरा, त्यातही पॉमेरेनियन, चिवावा असल्या छोट्या जातींना जरा जास्तच वेळ लागतो. मधले आठवडे दमवणारे असतात. नेमक्या त्याच दिवसांत "रडू दे, आपोआप गप्प होईल, नाहीतर डोक्यावर बसेल" हा सल्ला शेजारपाजारचे, नातेवाईक सगळेच देतात, आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो.

पिल्लू रडतं का

पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद आणि अंगातली ऊब टिकवून धरायची ताकद नाही, म्हणून ते कायम आईच्या पोटाशी नाहीतर भावंडांच्या ढिगात घुसून झोपतं. पहिले दोन-तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय त्याला शूसुद्धा होत नाही. डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात, ऐकू यायला तिसरा आठवडा उजाडतो. म्हणजे आठव्या आठवड्यात ते तुमच्या घरी येतं तेव्हा आयुष्यातली एकही रात्र ते एकटं झोपलेलं नसतं, आणि आपण त्याच दिवशी त्याला नवा वास, नवी फरशी, नवे आवाज देतो आणि वर लाईट बंद करून दार लावून घेतो. त्याने रडू नये तर काय करावं?

यावर बराच अभ्यास झालाय. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बरीच वर्षं पिल्लांच्या वाढीवर काम केलं, त्यांचं पुस्तक 1965 साली आलं. साधारण 3 ते 12 आठवड्यांच्या काळात पिल्लू कुणाला आपलं मानायचं ते शिकतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे 1978 साली मेंदूचे अभ्यासक जाक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी (त्यात स्कॉटही होते) पाहिलं की एकट्या ठेवलेल्या पिल्लांना मॉर्फीनचा अगदी बारीक डोस दिला की त्यांचं रडणं कमी होतं. वेदनेवरचं औषध एकटेपणाच्या रडण्यावर चालतं, याचा अर्थ ते रडणं आतून दुखण्याच्या जवळचं आहे. त्याला हट्ट म्हणणं बरोबर नाही.

पिल्लू जितक्या लवकर आईपासून तोडलं तितका त्रास जास्त. भारतात 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी महिना-दीड महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात आणि घेणाऱ्यालाही "लहान आणलं की लळा लागतो" असंच वाटत असतं. लळा दहाव्या आठवड्यात आणलेल्या पिल्लालाही लागतो. रस्त्यावरच्या देशी पिल्लांचं वेगळं असतं, आपल्याकडे भटक्या कुत्र्या जास्त करून पावसाळा संपल्यावर आणि थंडीत पिल्लं देतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू आधीच गारठलेलं, अर्धपोटी आणि कधीकधी जेमतेम महिन्याचं असतं. त्याला शिस्तीच्या आधी ऊब आणि डॉक्टर हवा.

कुत्र्याची झोप आपल्यासारखी नसते

लहान पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यात. मोठी कुत्रीसुद्धा रात्रभर सलग झोपत नाहीत, 1993 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात कुत्री रात्री सरासरी 16 मिनिटं झोप आणि 5 मिनिटं जाग अशा चक्रात दिसली. त्यामुळे पिल्लू मध्येच उठणारच. उठल्यावर आजूबाजूला सगळं ठीक आहे असं वाटून त्याने परत डोळे मिटावेत, इतकंच आपल्याला साधायचं असतं. झोपेत पाय झाडणं, ओठ हलवणं, बारीक कुईकुई करणं हे सगळं स्वप्नाच्या झोपेत होतं, त्याला घाबरून उचलू नये, तसंच झोपू द्यावं.

पहिल्या रात्री कुठे झोपवावं

आपल्या पलंगाजवळ. हे एवढं केलं तरी अर्धा प्रश्न सुटतो. ब्रिटनमधली डॉग्ज ट्रस्टसारखी संस्थासुद्धा आता सुरुवातीच्या रात्री पिल्लाजवळ राहा असंच सांगते. क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा दाराचा पिंजरा, असेल तर तो पलंगाला लावून ठेवायचा, नसेल तर फ्रीज-टीव्हीचं जाड खोकं एका बाजूने कापून, आत जुनी गोधडी घालूनही काम होतं. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय ताणून पडता आलं पाहिजे, त्याहून फार मोठी जागा दिली तर ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं, कारण झोपायची जागा घाण करायची नाही ही समज त्याला मुळातच असते आणि आपल्याला त्याच समजेचा फायदा घ्यायचा असतो. क्रेट शिक्षा म्हणून कधीच वापरू नये. दिवसा दार उघडं ठेवून आत खाऊ टाकत राहायचं, दुपारची झोप तिथेच होऊ द्यायची, मग रात्री दार लावलं तरी ते बिथरत नाही. दिवसा सवय न लावता एकदम रात्री कोंडलं तर मात्र आयुष्यभराची भीती बसू शकते.

ज्यांच्याकडून पिल्लू आणताय त्यांच्याकडून आई झोपते त्या चादरीचा तुकडा मागून घ्यावा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली की त्याला टेकून ते झोपतं, फक्त ती चावून फुटणार नाही अशी ठेवावी आणि नको झालं तर बाजूला सरकायला जागा असावी. टिकटिकणारं घड्याळ कापडात गुंडाळायचा जुना उपाय काही पिल्लांना लागू पडतो, काहींना अजिबात नाही. पिल्लं असलेल्या कुत्रीच्या अंगातून जो वास सुटतो त्याची नक्कल करणारे डिफ्यूझर, म्हणजे खोलीत वास पसरवणारी यंत्रंही मिळतात, पण माणसाच्या हाताइतकं काहीच चालत नाही. रात्री ते कुरकुरलं की पलंगावरून हात खाली सोडायचा, ते बोटं हुंगतं, एकदा चाटतं, हनुवटी हातावर टेकवतं आणि थोड्या वेळात श्वास संथ होतो.

आठवडाभर असं शांत गेलं की क्रेट रोज हातभर लांब सरकवायचा, मग दाराजवळ, मग दाराबाहेर, मग हॉलमध्ये. कुठल्या टप्प्यावर परत रडायला लागलं तर एक पाऊल मागे यायचं. कायम बेडरूममध्येच ठेवायचं असेल तर तेही चालतं, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

रात्रीची शू

ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं तेवढे तास अधिक एक, इतका वेळ ते जागेपणी शू धरू शकतं, झोपेत थोडं जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारण तीन तास. रात्री 11 ला झोपलं तर दोन-अडीचला आणि पहाटे पाचला उठवावं लागणार. ते रडायची वाट बघत बसण्यापेक्षा अलार्म लावून आपणच आधी उठावं, कारण "रडलो की दार उघडतं" हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. कोरडी रात्र गेली की अलार्म पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलायचा, असं करत करत पहाटेवर आणायचा.

उठल्यावर लाईट मंद, बोलणं जवळजवळ नाही, खेळ तर नाहीच. उचलून ठरलेल्या जागी नेलं, शू झाली, हळूच एक शाबासकी, परत गोधडीवर. रात्री दोन वाजता लाडाने बोलत बसलं की पिल्लाला वाटतं सकाळ झाली. रडण्यातला फरकही थोड्या दिवसांत कळायला लागतो. शू आलेलं पिल्लू उठून गोल फिरतं, नाक खाली घालून हुंगतं, आवाज तुटक आणि घाईचा असतो, त्याला लगेच न्यावं. एकटं वाटतंय म्हणून रडणारं पिल्लू बसल्या जागेवरून लांबट सूर काढतं, त्याला हात लावला की बस.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला सोसायटीच्या आवारात, जिथे इतर कुत्री शी-शू करतात तिथे न्यायचं नसतं, पार्व्हो हा जीवघेणा आजार तिथूनच येतो. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी 16 आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची साधारण 3 महिन्यांना. तोवर ड्राय बाल्कनी किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र नाहीतर शू शोषून घेणारं पी-पॅड घालावं. पेपर बदलताना जुन्या पेपरचा एक वास येणारा तुकडा नव्याखाली ठेवला की जागा लक्षात राहते. चुकून फरशीवर झाली तर ओरडू नये, नाक घासणं तर क्रूरपणा आहे, त्याने पिल्लू फक्त लपून शू करायला शिकतं. तिथे फिनेलही वापरू नये, पिल्लू फरशी चाटतं आणि त्याला त्रास होतो, शिवाय वास पुरता जात नाही. एन्झाईम असलेलं क्लीनर मिळतं ते वापरावं.

जेवण, पाणी आणि दूध

या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. शेवटचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, म्हणजे शी झोपायच्या आधी होऊन जाते. पाण्याचं भांडं झोपायच्या तासभर आधी उचलतात, पण एप्रिल-मेच्या विदर्भातल्या नाहीतर मराठवाड्यातल्या उकाड्यात असं अजिबात करू नये, एखादी शू जास्त झाली तर झाली.

मराठी घरात पिल्लू आलं की पहिलं काय होत असेल तर वाटीभर दूध नाहीतर दूध-पोळी. प्रेमाने देतात, पण गाई-म्हशीचं दूध खूप पिल्लांना पचत नाही, पोट बिघडतं आणि मग रात्रभर पातळ शीसाठी उठाउठ. रात्र सुधारायची असेल तर आधी रात्रीचं दूध बंद करून बघावं, खूप घरांत दोन दिवसांत फरक दिसतो. खाणंही एकदम बदलू नये, आधीच्या घरी जे खात होतं ते आठवडाभर चालू ठेवून हळूहळू बदलावं.

संध्याकाळ

"दमवा म्हणजे झोपेल" हे अर्धंच खरं आहे. लहान मुलासारखंच, पेंगुळलेलं पिल्लू जास्त पिसाळतं, आठ-नऊच्या सुमाराला घरभर सुसाट धावतं, पायाला चावतं, आणि आपल्याला वाटतं अजून एनर्जी शिल्लक आहे म्हणून आपण अजून खेळवतो. त्या वेळी खेळ थांबवून लाईट कमी करून, चघळायला काहीतरी देऊन शांत बसवावं. दिवसा पोरं सारखी उचलत असतील आणि झोपच पूर्ण होत नसेल तर रात्र हमखास बिघडते.

हवामान, आवाज आणि गावाकडची रात्र

उन्हाळ्यात पिल्लू गादी सोडून गार फरशीवर पसरतं, पसरू द्यावं. पग, शिह-त्झू असल्या चपट्या नाकाच्या पिल्लांना उकाडा सोसतच नाही, पंख्याखाली झोपवावं. डासांसाठी धुराची कॉइल पिल्लाजवळ लावण्यापेक्षा मच्छरदाणी टाकलेली बरी. चार्जरच्या वायरी वर बांधाव्यात, रात्री उठलेलं पिल्लू सगळ्यात आधी तिथेच तोंड घालतं. दिवाळीच्या आठवड्यात नवं पिल्लू आणूच नये. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाच्या फटाक्यांवर बंदी घातली तरी आवाज येतातच, आणि या वयात बसलेली फटाक्यांची भीती सहसा जात नाही.

गावाकडे पिल्लू ओसरीत, गोठ्यात किंवा डालग्याखाली ठेवायची पद्धत आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले, सिन्नर या पट्ट्यात हे धोक्याचं आहे, तिथे बिबट्या उसाच्या शेतात राहतो आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाणं आहे. अकोले तालुक्यातल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या पिल्लाला तर पळताही येत नाही. त्याची रात्रीची जागा दाराच्या आतच पाहिजे.

आजारपण

सगळं जमलेलं असताना पिल्लू अचानक रात्री अस्वस्थ झालं तर कारण शोधावं. पोट फुगलेलं आणि अंगावर मांस नाही म्हणजे बहुतेक जंत, त्याचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. सारखं खाजवत असेल तर कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड-पिसवा बघाव्यात. थेंब थेंब शू होत असेल तर मूत्रमार्गात इन्फेक्शन असू शकतं. उलट्या, रक्ताची शी, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नये, रात्रीच डॉक्टर गाठावा. माणसाची गोळी, अगदी क्रोसिनसुद्धा, आपल्या मनाने देऊ नये.

शेजारी

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, पण रात्री कुत्रं शांत राहील असा प्रयत्न मालकाने करावा असंही त्यात म्हटलंय. त्यामुळे पिल्लू येणार त्याच्या आदल्या दिवशीच वरच्या-खालच्या आणि बाजूच्या घरी सांगून ठेवावं, की दोन-तीन आठवडे थोडा आवाज होईल, आम्ही बघतोय. रडण्याबद्दल तक्रार येईल या धास्तीने पिल्लाला बाथरूममध्ये कोंडू नये, बाथरूममध्ये आवाज घुमतो आणि डक्टमधून सगळ्या मजल्यांवर जातो.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात तेव्हा बसलेली झोप परत आठ-दहा दिवस विस्कटू शकते. ओलं फडकं गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि झोपायच्या आधी आपल्यासमोरच चावायला द्यावं, हिरड्यांची ठणक कमी होते, आणि धागे सुटायला लागले की फडकं काढून घ्यावं.