दोन भाषांचा फायदा: शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

दुसरी भाषा शिकली की मेंदू तल्लख होतो, असं आज सर्रास सांगितलं जातं. शंभर वर्षांपूर्वी पालकांना याच्या नेमकं उलट सांगितलं जात होतं.

१९२३ साली संशोधक डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या ७ ते १४ वर्षांच्या सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतली वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी मुलं एकभाषिक मुलांच्या मागे पडली होती. दोन भाषांमुळे मुलांच्या डोक्यात गोंधळ होतो, असा अर्थ त्यातून निघाला आणि तो पुढे कित्येक वर्षं टिकला. त्याच पाहणीत शहरी मुलांमध्ये मात्र असा ठळक फरक आढळला नव्हता. दोष दोन भाषांचाच असता, तर तो शहरात का दिसू नये? हा प्रश्न तेव्हाच लावून धरायला हवा होता. त्या काळातल्या बऱ्याच अभ्यासांत गरीब घरची द्विभाषिक मुलं आणि सुस्थितीतली एकभाषिक मुलं यांची सरळ तुलना केली जाई. कित्येकदा चाचणीही मुलाच्या कच्च्या भाषेत घेतली जाई. मोजली जायची घरची परिस्थिती आणि शिक्का बसायचा भाषेवर.

चित्र पालटलं ते कॅनडात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सहा फ्रेंच शाळांतली दहा वर्षांची मुलं निवडली आणि घरची आर्थिक-सामाजिक पातळी जुळवून तुलना केली. १९६२ साली प्रसिद्ध झालेला निकाल त्यांनाही अनपेक्षित होता: द्विभाषिक मुलं शाब्दिक आणि अशाब्दिक अशा दोन्ही प्रकारच्या चाचण्यांत पुढे होती. यातही एक कच्चा दुवा होता. दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलंच द्विभाषिक गटात घेतली होती. ती भाषांमुळे हुशार झाली, की मुळात हुशार म्हणून दोन्ही भाषांत तरबेज झाली, हे त्यातून ठरत नव्हतं.

१९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून एक बालवर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू झाला. इंग्रजी वाचन-लेखन दुसरीपासून आणलं गेलं. सुरुवातीला ही मुलं इंग्रजी वाचनात मागे राहिली, पण काही वर्षांत ती कसर भरून निघाली. घरात, रस्त्यावर, दुकानात त्यांची इंग्रजी भक्कम होती, म्हणून हे जमलं. लॅम्बर्ट यांनी पुढे १९७० च्या दशकात मांडलेला फरक यातूनच समजतो: एक द्विभाषिकता पहिल्या भाषेत भर घालते, दुसरी तिची जागा बळकावते. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाचं मराठी वाचन सुटतं, तेव्हा फायद्याचे दाखले देण्याआधी हा फरक तपासायलाच हवा. सेंट लॅम्बर्टचा दाखला तिथे लागू पडत नाही.

२००४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ एलेन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी वाद चाचणीच्या टेबलावर आणला. पडद्यावर रंगीत चौकोन येतो. एका रंगाला डावं बटण, दुसऱ्याला उजवं. डाव्या बटणाचा रंग उजवीकडे उमटला की हात अडखळतो आणि तो उशीर मोजला जातो. भारतातल्या तमिळ-इंग्रजी बोलणाऱ्यांचा उशीर कॅनडातल्या एकभाषिकांपेक्षा कमी होता. एक भाषा बोलताना दुसरी सतत आवरावी लागते, त्या सरावाचा हा परिणाम, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. पण पहिल्या प्रयोगात माणसं होती अवघी ४०, आणि दोन्ही गट वेगवेगळ्या देशांतले. पुढे मोठ्या पाहण्यांत हा फायदा विरत गेला: २०१९ साली अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या माहितीत तो आढळला नाही. मधल्या काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. परिषदांत मांडलेल्या अभ्यासांपैकी फायदा दाखवणारे छापून येण्याची शक्यता जास्त होती, विरोधी निकाल मागे राहत होते.

सर्वांत वजनदार पुरावा आला हैदराबादहून. त्याआधी २००७ साली टोरांटोतल्या १८४ रुग्णांच्या नोंदींवरून द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसतात, असं मांडलं गेलं होतं. पण तिथले बरेच द्विभाषिक स्थलांतरित होते, त्यामुळे स्थलांतराचा परिणाम वेगळा काढता येत नव्हता. हैदराबादेत ती अडचण नव्हती. तेलुगू, दखनी, हिंदी, इंग्रजी या भाषा तिथे एकाच गल्लीत नांदतात. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयातल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांत ३९१ जणांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या. २०१३ सालच्या या अभ्यासात द्विभाषिकांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. निरक्षरांमध्येही हा फरक दिसला, म्हणजे तो निव्वळ शिक्षणाचा नव्हता. दोनाहून जास्त भाषांनी मात्र त्यात आणखी भर पडली नाही.

हा आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी. तो लक्षणं सुरू होण्याच्या वयाचा आहे, रोग टळण्याचा नाही. शिवाय तो दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांवरून काढलेला आहे. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा द्विभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी असल्याचं दिसलं नाही.